कांदोळीसमोरचं पाणी आणि त्यातला गंधकवायू: पाच दिवसांची फेरी

पहिला दिवस: दोना पावला, तयारी

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात गोव्यात पाऊस ओसरलेला असतो, पण समुद्राच्या पोटातला पावसाळा संपलेला नसतो. जूनपासून किनाऱ्याकडे वर चढत आलेलं खोलातलं गार पाणी अजून तळाशी असतं. त्यात पोषक क्षार भरपूर आणि ऑक्सिजन मुळातच कमी. त्याच्यावर पावसाच्या आणि नद्यांच्या हलक्या पाण्याचा पाच-दहा मीटरचा थर झाकणासारखा बसलेला असतो. वरच्या उजेडात प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) वाढतात, मरून खाली बसतात आणि कुजताना तळाचा उरलासुरला ऑक्सिजनही संपवतात. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था कांदोळीसमोरच्या एका ठरावीक जागी १९९७ पासून हा बदल मोजत आली आहे. या फेरीत लक्ष होतं ते त्याच पाण्यातल्या एका वायूवर: डायमिथाइल सल्फाइड, म्हणजे डीएमएस.

हा वायू प्लवक बहुधा थेट सोडत नाहीत. बऱ्याच जातींच्या पेशींत डीएमएसपी नावाचा गंधकयुक्त पदार्थ साठवलेला असतो. खाऱ्या पाण्यात पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जाऊ नये, हे त्याचं एक काम. पेशी फुटली, विषाणूने मारली किंवा सूक्ष्म प्राण्याने खाल्ली, की डीएमएसपी पाण्यात येतो. जिवाणूंची आणि काही प्लवकांची विकरं त्याचे तुकडे करतात आणि त्यातला एक तुकडा डीएमएस. पण बहुतेक डीएमएसपी जिवाणू दुसऱ्याच वाटेने वापरतात, त्यातून डीएमएस होतच नाही. जो होतो त्यातलाही बराचसा जिवाणू खातात किंवा उन्हाने त्याचं ऑक्सिडीकरण होतं. हवेत पोचतो तो थोडका. तरीही जगभरातल्या समुद्रांवरून वर्षाला सुमारे २७ ते २८ दशलक्ष टन गंधक या वाटेने हवेत जातो. २०२२ चा सुधारित जागतिक अंदाज पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या गटाच्या पुढाकाराने तयार झाला आहे.

पहिला दिवस पूर्ण काचसामान आणि द्रावणांत जातो, आणि तो तसाच जायला हवा. ६० मिलिलिटरच्या तपकिरी काचेच्या बाटल्या १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर ठेवून शुद्ध पाण्याने तीनदा खळबळून घेतल्या. काचतंतूंचे गाळणकागद ४५० अंशांच्या भट्टीत चार तास भाजले. गाळणीखालच्या नळ्यांत ५० टक्के सल्फ्युरिक आम्ल आधीच टाकून ठेवलं, दर मिलिलिटर नमुन्याला १० मायक्रोलिटर या हिशोबाने. हलणाऱ्या बोटीवर हे आम्ल मोजत बसायचं नाही.

प्रमाणद्रावण, म्हणजे माहीत मात्रेचं तुलनेसाठीचं द्रावण, डीएमएसपीच्या हायड्रोक्लोराइडचं. त्याचा रेणुभार १७०.६६, म्हणून १७.०७ मिलिग्रॅम १० मिलिलिटर पाण्यात विरघळवलं की लिटरमागे १० मिलिमोलचं द्रावण होतं. ते हजार पट पातळ केलं की १० मायक्रोमोल. त्यातले १० मायक्रोलिटर १० मिलिलिटर पाण्यात टाकले की नेमके १० नॅनोमोल प्रति लिटर. बहुतेक समुद्रांत वरच्या पाण्यात डीएमएस एक ते दहा नॅनोमोलच्या आसपास असतो, म्हणजे आपला मापदंड त्याच पट्ट्यात बसतो. तळाच्या पाण्यासाठी मात्र १००, २०० आणि ५०० नॅनोमोलची प्रमाणद्रावणंही केली. २००९ च्या ऑक्सिजनविरहित हंगामात याच किनाऱ्यासमोर शेकडो नॅनोमोलच्या घरातले आकडे आले होते. तशी द्रावणं हाताशी नसतील तर सगळ्यात मोलाचा नमुना आलेखाच्या बाहेर पडतो.

दुसरा दिवस: झुआरीची खाडी

ही रंगीत तालीम. खाडीत पाणी शांत असतं, प्रयोगशाळा अर्ध्या तासावर, आणि खारटपणा काही किलोमीटरांत झपाट्याने बदलतो. तीन जागा ठरवल्या: मुरगावजवळचं तोंड, मधला भाग आणि वरचा गोडसर पट्टा. तिन्ही जागा भरतीच्या एकाच टप्प्यावर घेणं शक्य नसतं. म्हणून ओहोटी लागल्यावर तोंडापासून वर न जाता वरून खाली, पाण्याबरोबरच उतरत आलो. जागेचं नाव दुय्यम. नमुन्यासोबत खारटपणाचा आकडा नसेल तर खाडीतल्या डीएमएसला काही अर्थ राहत नाही.

क्लोरोफिल जास्त म्हणजे डीएमएस जास्त, हा समज पहिल्यांदा मोडतो तो इथे. खाडीत आणि पावसाळ्यानंतरच्या किनाऱ्यावर बहुधा डायाटमांचं, म्हणजे सिलिकाच्या कवचाच्या प्लवकांचं, राज्य असतं. पाणी हिरवं-तपकिरी, क्लोरोफिल भरपूर, पण डायाटमांच्या पेशीत डीएमएसपी कमी. डायनोफ्लॅजेलेट आणि हॅप्टोफाइट हे प्लवकांचे दुसरे गट थोडे असले तरी त्यांच्या पेशी डीएमएसपीने गच्च भरलेल्या असतात. त्यामुळे प्रत्येक नमुन्याबरोबर दोन वेगळ्या गोष्टी घ्याव्याच लागतात: ल्यूगॉल आयोडीन घातलेली, सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची बाटली, आणि रंगद्रव्यांसाठी गाळणकागद. पेरिडिनिन सापडलं तर डायनोफ्लॅजेलेट, हेक्झानॉयलॉक्सिफ्युकोझॅन्थिन सापडलं तर मुख्यतः हॅप्टोफाइट. नुसत्या क्लोरोफिलवरून डीएमएसचा अंदाज बांधलेले नकाशे उष्ण किनाऱ्यांवर चुकतात ते याच कारणाने.

गाळण्याची चूकही इथेच पकडावी. पाण्यात विरघळलेला डीएमएसपी मोजायचा तर पेशी वेगळ्या काढायला हव्यात, पण पंपाने ओढून गाळलं की नाजूक पेशी कागदावर फुटतात आणि त्यांच्या पोटातला डीएमएसपी गाळलेल्या पाण्यात उतरतो. आकडा कित्येक पट फुगू शकतो. उपाय साधा आहे. ४७ मिलिमीटरच्या कागदावर ५० मिलिलिटरपेक्षा कमी पाणी हलक्या हाताने ओतायचं, पंप लावायचा नाही, आणि आपोआप ठिबकणारे पहिले साडेतीन मिलिलिटरच नळीत घ्यायचे. नंतरचं सोडून द्यायचं. कागद कोरडा पडू द्यायचा नाही, कारण हवा लागली की पेशी फुटल्याच. झुआरीच्या गाळाने कागद लवकर तुंबतो. थेंब पडायला फार वेळ लागू लागला, की घाई न करता नवा कागद घेऊन पुन्हा सुरुवात करावी.

तिसरा दिवस: कांदोळीसमोर

पहाटे बेतीच्या धक्क्यावरून ट्रॉलर सुटला. मतलई वारा असेपर्यंत समुद्र सपाट असतो आणि दुपारी खारा वारा सुटला की हातातली बाटली स्थिर राहत नाही, म्हणून काम साडेदहाच्या आत आटोपायचं. मांडवीच्या तोंडाशी वाळूचा बांध आहे. ओहोटीला तिथे लाटा फुटतात. आग्वादचा किल्ला मागे टाकून किनाऱ्यापासून सुमारे दहा किलोमीटरवर, २५-२८ मीटर खोलीवर थांबलो.

आधी तापमान-खारटपणा मोजणारं उपकरण सोडलं, पाणी नंतर. वरचा थर कुठे संपतो हे कळल्याशिवाय खोल्या ठरवणं म्हणजे अंधारात दगड मारणं. वरचं पाणी कोमट आणि कमी खारं, मग दोन-तीन मीटरांतच तापमान धाडकन उतरलं, आणि खाली गार पाणी थेट तळापर्यंत. त्यावरून १, ५, ९, १२, १८ आणि २४ मीटर अशा सहा खोल्या घेतल्या. ९ आणि १२ मीटर एवढ्या जवळजवळ, कारण झाकण नेमकं तिथेच होतं.

पाच लिटरची निस्किन बाटली दोरावरून सोडून वरून वजन सोडायचं, ते आदळलं की बाटली दोन्ही टोकांनी मिटते. प्रवाहाने दोर तिरका होतो हे विसरू नये. दोर उभ्या रेषेपासून ३० अंश कलला असेल तर २४ मीटर दोर सोडून बाटली जेमतेम २१ मीटरवर असते. तळाशी दोन-तीन मीटरांत ऑक्सिजन आणि गंधकाचं गणित पालटतं, तिथे ही चूक परवडत नाही. कोन मोजून दोर वाढवला. मात्र तळाला बाटली टेकता कामा नये. एकदा चिखल उसळला की त्यातलं हायड्रोजन सल्फाइड पाण्यात मिसळतं आणि ती जागा निदान अर्धा तास तरी फुकट जाते.

बाटली वर आली की पाणी काढण्याचा क्रम ठरलेला: ऑक्सिजन, लगेच डीएमएस, मग सल्फाइड, मग डीएमएसपी, शेवटी क्षार आणि क्लोरोफिल. निस्किनमधलं पाणी कमी होतं तशी आत हवा शिरते, म्हणून वायू आधी. छोटी नळी बाटलीच्या बुडाला टेकवून हळू भरायचं, बाटलीच्या दुप्पट पाणी बाहेर सांडू द्यायचं, नळी हळूच काढून झाकण लावायचं, उलटी करून टिचकी मारायची.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. नवखे लोक बाटलीतल्या बारीकशा बुडबुड्याने घाबरतात आणि पुन्हा पुन्हा भरत बसतात. डीएमएस पाण्यात राहणं पसंत करणारा वायू आहे. २५-२८ अंशांना हवेतली त्याची घनता पाण्यातल्यापेक्षा दहा-बारा पट कमी असते. ६० मिलिलिटरच्या बाटलीत ०.३ मिलिलिटरचा बुडबुडा राहिला तर त्यात जाणारा डीएमएस एक टक्क्याचा विसावा भागही नसतो. बर्फपेटीत पाणी गार होऊन आकसतं तेव्हा एवढा बुडबुडा आपोआप येतोच. अर्धी भरलेली बाटली मात्र आठ-नऊ टक्के खाते, आणि भरताना पाण्यातून खळखळ हवा गेली तर त्याहून किती गेलं ते सांगताच येत नाही. म्हणजे खरी काळजी भरण्याच्या पद्धतीची. ऑक्सिजनच्या बाटलीचं गणित वेगळं, तिथे बुडबुडा चालत नाही. तळाच्या सल्फाइडयुक्त पाण्यातही नाही, कारण हवेतला ऑक्सिजन शिरला की सल्फाइडचं रूप पालटू लागतं.

१८ मीटरच्या बाटलीत ऑक्सिजन मोजायची विंकलरची द्रावणं घातल्यावर अवक्षेप जवळपास पांढराच राहिला. ऑक्सिजन असता तर तो तपकिरी झाला असता. २४ मीटरची बाटली उघडताच कुजक्या अंड्याचा वास आला, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. त्याचा नमुना झिंक अ‍ॅसिटेट घातलेल्या नळीत अडकवला. किनाऱ्यावर मिथिलीन ब्लूच्या निळ्या रंगावरून ६७० नॅनोमीटरला तो मोजता येतो. डीएमएसचा वास या वासाखाली दडतो. एरवी तो शिजलेल्या कोबीसारखा, भाजलेल्या समुद्रशेवाळासारखा असतो. किनाऱ्यावर सुकत घातलेल्या मासळीचा वास याच्याशी जोडला जातो, पण तो मुख्यतः ट्रायमिथाइलअमीनचा.

किती नमुने घ्यायचे हे समुद्र ठरवत नाही, किनाऱ्यावरचं यंत्र ठरवतं. एका नमुन्याला सुमारे २५ मिनिटं. सहा खोल्या, प्रत्येकी दोन बाटल्या, म्हणजे पाच तास, प्रमाणद्रावणांचा वेळ वेगळा. डीएमएसच्या बाटल्या अंधारात आणि गारव्यात ठेवूनही शक्यतो पाच-सहा तासांत संपवाव्या लागतात. जास्त घेतल्या तर शेवटच्या बाटल्यांत जिवाणूंनी काय केलं तेच मोजलं जातं. नमुने खोलीच्या क्रमानेही लावायचे नाहीत. वरून खाली असे लावले तर वेळेबरोबर झालेली घट खोलीबरोबरची घट म्हणून कागदावर उतरते. २४, १, १२, ५, १८, ९ असा उलटसुलट क्रम ठेवला आणि दुसऱ्या बाटल्या उलट्या क्रमाने लावल्या.

दुपारी एकला दोना पावला. १० मिलिलिटर नमुना बारीक छिद्रांच्या काचपात्रात घेऊन त्यातून मिनिटाला ६० मिलिलिटर हेलियम १५ मिनिटं सोडायचा. वायूबरोबर निघालेली वाफ वाळवणाऱ्या नळीत अडते आणि डीएमएस द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेल्या टेफ्लॉनच्या वेटोळ्यात गोठतो. मग वेटोळं ८० अंशांच्या पाण्यात बुडवलं की सगळा डीएमएस एकदम गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये जातो. ज्वालेवर चालणारा शोधक गंधकाचा निळा प्रकाश ३९४ नॅनोमीटरच्या गाळणीतून पाहतो.

बिघाड ठरलेल्या जागी होतात. नमुना बर्फपेटीतून काढून तसाच लावला तर ४ अंशांच्या पाण्यातून १५ मिनिटांनंतरही साडेतीन टक्के डीएमएस निघत नाही. २५ अंशांना उरतो तो एक टक्क्याच्या दहाव्या भागापेक्षा कमी. म्हणून नमुना झाकणासकट खोलीच्या तापमानाला आणायचा. वाळवणारी नळी थकली की वेटोळ्यात बर्फ धरतो आणि प्रवाह बसतो. प्रवाहमापक प्रत्येक नमुन्याच्या शेवटी पुन्हा वाचला तरच हे कळतं. हेलियम महाग म्हणून नायट्रोजन वापरला तर वेटोळं द्रव नायट्रोजनमध्ये बुडवू नये, पृष्ठभागाच्या थोडं वर गार वाफेत ठेवावं, नाहीतर वाहक वायूच आत द्रव होऊ लागतो. प्लवक दाट असलेलं पाणी फेसाळतं आणि फेस नळीत चढतो. तिथे नमुना ५ मिलिलिटर करणं हाच सरळ उपाय. द्रव नायट्रोजनच्या खोलीची खिडकी उघडी हवी, तो उडून खोलीतला ऑक्सिजन हटवतो. कांदा-लसणाचा डबा या खोलीत उघडायचा नाही, त्यांचा वास गंधकाच्याच संयुगांचा आणि शोधकाला गंधक कुठून आला याच्याशी देणंघेणं नाही.

शोधकाचं उत्तर सरळ रेषेत येत नाही हेही ध्यानात असावं. डीएमएस दुप्पट झाला की शिखराचं क्षेत्रफळ साधारण चौपट होतं. क्षेत्रफळाचं वर्गमूळ घेऊन आलेख काढावा. सरळ रेषा ओढून टाकली तर लहान आकडे मोठे आणि मधले चुकीचे निघतात.

२४ मीटरच्या नमुन्यात हायड्रोजन सल्फाइडचं शिखर आधी येतं आणि त्याची शेपटी लांबते. मिथेनथायॉल हा दुसरा गंधकवायू त्याखाली झाकून गेला, डीएमएस सुटून दिसला. आम्लारी घालून सल्फाइड पाण्यात अडकवता येतं, पण आम्लारीने डीएमएसपीचाच डीएमएस होतो, म्हणून ती वाट बंद. नमुना १ मिलिलिटरवर आणून बाकीचं खारं, वायू काढून टाकलेलं पाणी घातलं, तेव्हा दोन्ही शिखरं वेगळी झाली. तळाचा डीएमएस वरच्या मीटरभर पाण्यापेक्षा कितीतरी पट जास्त होता.

चौथा दिवस: बाहेरचा समुद्र

किनाऱ्यापासून लांब, पन्नास मीटरच्या पुढे पाण्याचा रंग बदलतो. गढूळ हिरवा जाऊन निळसर येतो, प्लवक विरळ आणि बारीक होतात. जाळं ओढल्यावर लाल नॉक्टिल्यूका या एकपेशीय प्लवकाचे टपोरे गोळे थोडे होते. कोकण किनाऱ्यावर रात्री निळ्या चमकणाऱ्या लाटा दिसतात त्यामागे बहुधा हाच जीव असतो.

इथे तळाच्या वायूपेक्षा वरून किती निसटतं हा प्रश्न मोठा, आणि त्याला वारा लागतो. वारा पाण्यापासून १० मीटर उंचीवरचा धरायचा. २८ अंशांच्या पाण्यात, वायू पाण्यातून हवेत जाण्याच्या वेगाचं, ताशी सेंटिमीटरमधलं, प्रचलित सूत्र लावलं (०.२२२ गुणिले वाऱ्याचा वर्ग, अधिक ०.३३३ गुणिले वारा) आणि डीएमएससाठीची सुधारणा केली, तर सेकंदाला ५ मीटर वाऱ्याला हा वेग ताशी सुमारे ७ सेंटिमीटर येतो. पाण्यात ५ नॅनोमोल डीएमएस असेल तर दिवसाला चौरस मीटरमागे ८.४ मायक्रोमोल हवेत जातो. वारा १० मीटर झाला की तेच साधारण ३० होतात. वारा दुप्पट, वायू साडेतीन पट. म्हणून दिवसभराचा सरासरी वारा सूत्रात घालणं चूक आहे, तासातासाचा घालून मग सरासरी काढावी. ट्रॉलरच्या केबिनला लावलेला वारामापक केबिनच्याच आडोशाने कमी दाखवतो. तो डोलकाठीवर, बोटीचं नाक वाऱ्याकडे असताना वाचला.

हवेत गेलेला डीएमएस एक-दोन दिवसच टिकतो. त्यातून सल्फर डायऑक्साइड आणि सल्फेटचे कण होतात, त्या कणांवर ढगांचे थेंब धरतात. प्लवकांमुळे ढग आणि ढगांमुळे हवामान सांभाळलं जातं, असं १९८७ मध्ये लव्हलॉक आणि इतर तिघांनी मांडलं. ती साखळी तेवढी सरळ नाही असं पुढच्या मोजमापांनी दाखवलं, पण समुद्रावरच्या कणांत डीएमएसचा वाटा आहे हे उरलंच.

पाचवा दिवस: आम्लारीच्या नळ्या

डीएमएसपीच्या नळ्यांतून आधी उरलेला डीएमएस हेलियमने काढून टाकला होता. मग १० मोलर सोडियम हायड्रॉक्साइड इतकं घातलं की सामू १३ च्या आसपास जाईल, कारण आधी घातलेलं आम्ल आम्लारीचा काही भाग गिळतं. हवाबंद करून चोवीस तास अंधारात. एका डीएमएसपीचा एक डीएमएस होतो. सामू पट्टीने तपासल्याशिवाय नळी लावू नये. कमी आम्लारी पडलेली नळी कमी डीएमएसपी दाखवते आणि दिसायला अगदी बरोबर असते. तळाच्या नमुन्यात आज सल्फाइडचा त्रास नव्हता, आम्लारीत ते पाण्यातच अडकून राहतं.

वरच्या ५ मीटरांत डीएमएसपी डीएमएसपेक्षा खूप जास्त, म्हणजे जिवंत पेशींचा साठा. तळाशी उलट: डीएमएस भरपूर, डीएमएसपी थोडा. हा वायू तिथल्या पेशींनी आत्ता सोडलेला नाही. ऑक्सिजन संपल्यावर जिवाणू डायमिथाइल सल्फॉक्साइडचा (डीएमएसला ऑक्सिजन जोडून झालेल्या पदार्थाचा) ऑक्सिजन वापरून त्याचा पुन्हा डीएमएस करतात, आणि सल्फाइडला मिथिल गट जोडूनही डीएमएस होतो. यातली कुठली वाट मोठी हे ठरवायचं तर सल्फॉक्साइड मोजायला हवा. त्यासाठी राखलेल्या नमुन्यांतून आधी सगळा डीएमएस हेलियमने काढून टाकला, टायटॅनियम ट्रायक्लोराइड घातलं आणि नळ्या ५० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवल्या. त्यात निघणारा डीएमएस म्हणजे मूळचा सल्फॉक्साइड. त्या नळ्यांपैकी १२ आणि २४ मीटरच्या पहिल्या लावल्या, कारण झाकणाशी आणि तळाशी नेमका फरक तिथेच दिसायला हवा.

नोव्हेंबरअखेर किनाऱ्याचा प्रवाह उलटतो, ऑक्सिजनयुक्त पाणी तळाशी उतरतं आणि हे सगळं पुसलं जातं. पुढची बाटली त्याआधी, त्याच सहा खोल्यांवर घ्यायची आहे.